आधी नाडी, मग कुत्रं

सिस्टर आधी कुत्र्याकडे बघायच्याच नाहीत. पहिल्या दिवशी साहेबाला, आमच्या कुत्र्याला, कसंबसं आवरत मी त्यांच्या फाटकापाशी पोचले, तेव्हा त्यांनी माझंच मनगट धरलं. पदराला सेफ्टी पिनेनं अडकवलेलं घड्याळ उलटं करून पाहिलं, ओठ हलवत ठोके मोजले आणि माझा हात सोडून दिला.

"एकशेदहा. घरी जाय. आज कुत्रं हिंडत नाई."

"अहो, मी एवढ्या लांबून चालत आलेय. त्यानं सगळ्या वाटेवर ओढलंय मला. धाप लागणारच ना?"

"मंग बस पंधरा मिनिटं."

पंधरा मिनिटांनी त्यांनी पुन्हा नाडी पाहिली. एकशेचार.

"हे धाप नाई. भेव हाय हे. उद्या ये." मग साहेबाकडे न बघता, त्याच्या अंगाला अंग न लागू देता, त्या अगदी वेगळ्या आवाजात म्हणाल्या, "तुमीबी या बरं का उद्या. रागावू नका."

माणसांना 'तू' आणि कुत्र्यांना 'तुम्ही' हा त्यांचा नियम होता. शहरातले एक नामांकित डॉक्टर आपला लॅब्राडोर घेऊन यायचे. त्यांना त्या म्हणायच्या, "काहून उशीर केला बे?" आणि लॅब्राडोरला म्हणायच्या, "बसा, बसा, उन्हातून आले तुमी." एकदा मी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "माणसाले राग आला तं तो बोलून दाखवते. ज्याले बोलता येत नाई त्याच्याशी अदबीनं राहा लागते."

त्या वेळी त्यांचं वय सत्तरच्या आसपास असेल. अंगानं काटकुळ्या, पांढरी सुती साडी आणि खाली लहान पोरांसारखे कॅनव्हासचे बूट. हातात छत्री असायची, ती मी कधी उघडलेली पाहिली नाही. सगळी नोकरी त्यांनी धारणीच्या पुढच्या खेड्यांत नर्स म्हणून केली होती. लग्न केलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर कठोरा रोडच्या एका ओसाड लेआउटच्या कडेला दोन खोल्या बांधून राहिल्या. लेआउटमध्ये प्लॉटचे दगड होते, विजेचे खांब होते, घरं मात्र नव्हती. ते त्यांचं मैदान. तिथं त्या कुत्र्यांना पट्ट्यावर नीट चालायला शिकवायच्या. म्हणजे आम्हाला शिकवायच्या. "कुत्र्याले चालता येते," त्या म्हणायच्या. "तुले येत नाई."

साहेब हा माझ्या वडिलांचा कुत्रा. बाबा अकोल्याला पाटबंधारे खात्यात शिपाई होते. निवृत्तीनंतर त्यांनी एक गावठी पिल्लू आणलं आणि त्याचं नाव साहेब ठेवलं. "पस्तीस वर्षं साहेबानं मले उठवलं-बसवलं," ते आल्यागेल्याला सांगायचे. "आता मी साहेबाले बसवतो." आणि खरंच मोठ्यानं ओरडायचे, "साहेब, बस!" साहेब बसायचा. सगळे हसायचे.

बाबा गेले आणि मी आईला आणि साहेबाला अमरावतीला घेऊन आले. मी एका शाळेत गणित शिकवायचे आणि इंगळे काकांच्या घरात खाली भाड्यानं राहायचे. वरच्या मजल्यावर काका, त्यांचा मुलगा, सून आणि पाच वर्षांची नात परी. अंगण एकच, फाटक एकच.

अकोल्याला मांडीवर डोकं ठेवणारा साहेब इथं ओळखू येईना. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की तो पट्टा ताणून घशातून घरघर करत सुटायचा. स्कूटरवर झेपावायचा, सायकलवर तर जास्तच. महिनाभरात माझ्या उजव्या तळव्याला घट्टे पडले. मग एका संध्याकाळी आईच्या हातून पट्टा सुटला. परी अंगणात तिच्या तीनचाकीवर होती. साहेबानं चावा घेतला नाही. सायकलच्या हँडलवर झडप घातली. सायकल उलटली आणि परीची हनुवटी फाटली. चार टाके पडले.

दुसऱ्या दिवशी काका खाली आले. दारातच उभे राहिले, आत आले नाहीत.

"चावला नाई, मान्य. आज नाई चावला. एक महिना देतो बेटा. मंग या घरात एकतं तो राहीन, नाई तं माही नात."

जनावरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं सिस्टरचं नाव सांगितलं. "याच्यावर औषध नाई, ताई. त्यायच्याकडे जा. पण बोलणे खा लागतीन."

चौथ्या दिवशी माझी नाडी शहाऐंशीवर आली, तेव्हा धडा सुरू झाला. साहेबाला दोरीनं खांबाला बांधून ठेवलं होतं. सिस्टरनी त्याचा पट्टा काढून एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतःच्या मनगटाला बांधलं. डोळे मिटले आणि म्हणाल्या, "चाल. मी साहेब हावो."

रस्त्याच्या कडेकडेनं आम्ही चालू लागलो. डोळे मिटलेली ती म्हातारी माझ्यामागून ठेचकाळत येत होती. थोड्या थोड्या वेळानं त्या म्हणायच्या, "आवळला." मला वाटायचं, मी काहीच केलं नाही. मग लक्षात आलं. लांबून गाडीचा आवाज आला की माझी मूठ आपोआप मिटत होती. गाडी दिसायच्याही आधी.

"समजलं?" डोळे उघडून त्या म्हणाल्या. "त्याले गाडीचं काय घेणंदेणं? तुह्या हातातून त्याले तार येते का काहीतरी भेसूर येऊन राहिलं म्हणून. मंग तो तुले वाचवाले धावते. अन् तू त्याले दमदाटी करतं."

त्यांची रीत दिसायला सोपी होती. पट्टा ताणला की थांबायचं. ओरडायचं नाही, हिसका द्यायचा नाही, खांबासारखं उभं राहायचं. तो वळून बघेपर्यंत. मग गुडघ्यापाशी हात नेऊन डबीतला उकडलेल्या कलेजीचा तुकडा द्यायचा आणि पुढचं पाऊल. फाटकापासून पहिल्या खांबापर्यंत आम्हाला चाळीस मिनिटं लागली. बाजूनं जाणारी कॉलेजची पोरं गाड्या हळू करून हसत होती. माझे कान तापले. सिस्टर लगेच म्हणाल्या, "नाडी," आणि मनगट धरलं.

दुसरा भाग अंतराचा. गाड्यांच्या रस्त्यापासून दोनशे पावलांवर उभं राहायचं. तिथून स्कूटर मुंगीएवढी दिसायची. साहेबाचे कान उभे झाले आणि तो भुंकायच्या आत, तेवढ्या श्वासात, कलेजी. पुन्हा स्कूटर, पुन्हा कलेजी. तो शांत राहिला तर उद्या दहा पावलं पुढं. भुंकला तर त्याची चूक नाही, आपण फार जवळ आलो. मुकाट्यानं मागं फिरायचं.

आणि कुणाला हात लावू द्यायचा नाही. आपल्याकडच्या माणसाला कुत्रं दिसलं की "करत काई नाई ना?" म्हणत हात पुढं होतोच. सिस्टर त्या हातावर छत्री मारायच्या. "वळख म्हणजे गळ्यात पडणं नाई. बाजूनं जाऊ देणं, याले वळख म्हणतात." बैलाला घालतात तसं मुसकंही त्यांनी साहेबासाठी शिवून घेतलं होतं. आतून दही लावून त्या ते नुसतं समोर धरायच्या. आठ दिवसांत साहेब स्वतःहून त्यात तोंड घालायला लागला.

दोन आठवड्यांनी गाडं अडलं. स्कूटरला साहेब चाळीस पावलांवर शांत राहू लागला होता, पण सायकल दिसली की शंभर पावलांवरूनही उसळायचा. सिस्टरनी मला बाबांबद्दल, अकोल्याच्या घराबद्दल विचारलं. मी साहेब-बसचा किस्सा सांगितला. त्या हसल्या नाहीत.

"अकोल्याले चाल. कुत्रं नको आणू."

रविवारी आम्ही एसटीनं गेलो. डाबकी रोडवरचं आमचं घर बंदच होतं. कुलूप काढून मी त्यांना खोल्या दाखवायला लागले, तर त्या सरळ मागच्या आवारात गेल्या. पेरूच्या झाडाशी उकिडव्या बसल्या. खोडाची साल एका जागी गोल घासून गुळगुळीत झाली होती. त्याभोवती जमिनीवर एक वर्तुळ होतं. गवत नसलेलं, ठोकून काढल्यासारखं. सिस्टरनी छत्री आडवी धरून मोजलं.

"दोन हात साखळी," त्या म्हणाल्या. "किती दिवस?"

कुंपणापलीकडून शेजारच्या वत्सलाकाकू म्हणाल्या, "आठ महिने असन. हिच्या बाबाचा हात गेला नं लकव्यात, तवापासून. गल्लीतले पोट्टे सायकली घेऊन येत, टिनाच्या फाटकावर काडी घासत जात खडखड खडखड. हा उडी मारे, साखळीनं आपटे. ते हासत. हिचे बाबा खाटेवरून ओरडत राहे, साहेब बस, साहेब बस म्हणून."

त्या आठ महिन्यांत मी दोनदा अकोल्याला गेले होते. दोन्ही वेळा साखळी पाहिली होती. बिस्किटाचा पुडा त्याच्यापुढं टाकून बाबांच्या औषधांच्या चिठ्ठ्या बघत बसले होते.

परतताना मूर्तिजापूर येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून रडत होते. मग सिस्टर म्हणाल्या, "बापावर रागावू नको. लुळ्या हातानं दुसरं काय करीन तो? सोडलं असतं तं कोणं मारलं असतं." थोड्या वेळानं म्हणाल्या, "अन् सोतावर रागवाले तुले टाईम नाई. बारा दिवस राहिले."

त्या बारा दिवसांत मी शाळेआधी आणि शाळेनंतर लेआउटवर होते. सिस्टरनी एक जुनी सायकल आणली. आधी ती नुसती जमिनीवर आडवी ठेवली. मग उभी. मग दुरून हातानं ढकलत नेली. शेवटी त्या स्वतः साडी खोचून सायकलवर बसल्या आणि माळावरून चकरा मारू लागल्या. साहेब तीस पावलांवर आला. पट्टा सैल, शेपूट खाली, नजर सायकलवरून माझ्या गुडघ्याकडे. मला वाटलं, जिंकलो.

त्या संध्याकाळी इंगळे काका म्हणाले, "ऐकलं, सुधरला म्हणून. परवा दाखव मंग. परीले सायकलवर बसवतो अंगणात. तू त्याले बाजूनं घेऊन जाय. गेला सरळ, तं माहं काई म्हणणं नाई."

मी उड्या मारतच सिस्टरकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं.

"अंगण किती पावलं हाय तुमचं?"

"आठ-दहा."

"अन् साहेब किती पावलांवर हायत?"

"तीस. पण मुसकं घालू ना."

"मुसक्यानं दात झाकतीन. भेव नाई झाकत. पोरगी म्हणजे काय परीक्षेचा कागद हाय, त्याच्यावर पास-नापास लिहाले? नाई."

"सिस्टर, घर जाईल. आईला घेऊन मी कुठं जाऊ? एवढी मेहनत केली, एक दिवस या ना सोबत."

"घर जाऊ दे," त्या म्हणाल्या. "मी येत नाई." आणि फाटक लावून घेतलं. फाटकाच्या त्या बाजूला त्या उभ्याच राहिल्या.

मी त्यांच्याशिवाय परीक्षा द्यायची ठरवलं.

सकाळचे आठ वाजले होते. आई दारात उभी. वरच्या गॅलरीत परीची आई कठडा धरून. काकांनी परीला तीनचाकीवर बसवलं आणि स्वतः तिच्या मागं उभे राहिले, दोन्ही हात तिच्या पाठीवर ठेवून. मी साहेबाला मुसकं घालून घराच्या कोपऱ्यावर आणलं. मूठ सैल आहे ना, हे मी तीनदा बघितलं.

पहिली चार पावलं तो चालला. मग थांबला. भुंकला नाही, ओढलं नाही. नुसता थांबला. तोंड घट्ट मिटलेलं, शेपूट काठीसारखी, पुढच्या पायांत वजन. महिन्यापूर्वी मला यातलं काही दिसलं नसतं.

"ये, ये, जवळून ने," काका म्हणाले आणि त्यांनी सायकल थोडी पुढं ढकलली.

मी परीकडे पाहिलं. तिनं एका हातानं हनुवटी झाकली होती. तोंड घट्ट मिटलेलं. ती श्वास घेत नव्हती. समोरासमोर दोघं अगदी एकसारखे दिसत होते. आणि त्या दोघांनाही तिथं आणलं होतं मोठ्या माणसांनी.

"काय झालं? ये नं बेटा."

"साहेब, चला," मी म्हटलं आणि पाठ फिरवली. साहेब वळला. माझ्या गुडघ्याला लागून चालत आला. पट्टा हातात आहे की नाही, कळतही नव्हतं.

"मंग मी काय समजू?" मागून काकांचा आवाज आला.

"तो तयार नाही, काका. परीपण नाही. आम्ही घर सोडतो."

दुपारी मी शाळेतून आले, तेव्हा आईनं ताटं-वाट्या वर्तमानपत्रांत गुंडाळायला घेतल्या होत्या.

मी सिस्टरकडे गेले. घडलेलं सगळं सांगितलं. मला शाबासकी हवी होती, हे कबूल करते. सिस्टर ओट्यावर बसून कलेजीचे तुकडे करत होत्या.

"धारणीकडे माह्यापाशी एक कुत्रा होता," त्या म्हणाल्या. "लई गुणी. साऱ्या गावात फिरे माह्यासंगं. लस टोचाचा दिवस होता. चाळीस-पन्नास लेकरं, सारे रडून राहिले. वरून साहेबलोक आलते. मले दाखवाचं होतं, माहा कुत्रा पाहा कसा बसते गर्दीत. त्यानं दोनदा तोंड फिरवलं, उठाले पाहिलं. मी दाबून बसवलं. एक लेकरू येऊन त्याच्या आंगावर पडलं." त्यांनी स्वतःच्या गालावरून बोट फिरवलं. "वाचलं लेकरू. आता मोठा बाप्या हाय, गालावर वण घेऊन फिरते. पण लोकं काठ्या घेऊन आले. अन् पट्टा माह्या हातात होता. पळू नये म्हणून मी आवळून धरला होता. त्यायनं त्याले मारेपर्यंत मी धरूनच होती."

सुरी खाली ठेवून त्या आत गेल्या. हा विषय त्यांनी परत कधी काढला नाही, मीही नाही.

आम्हाला त्यांच्या लेआउटपासून जवळच दोन खोल्या मिळाल्या. शाळा लांब पडली. साहेबाचं शिक्षण मात्र थांबलं नाही. वर्षभरात तो सायकलींच्या मधून चालू लागला. राजकमल चौकातून मी त्याला भर बाजारात एकदाही न थांबता नेलं, त्या दिवशी सिस्टर पन्नास पावलं मागून छत्री टेकत आल्या आणि शेवटी एवढंच म्हणाल्या, "आता तुले चालता येते."

सिस्टर आता अमरावतीत नाहीत. त्यांच्या हाताला कंप सुटला. औषधानं थोडा कमी व्हायचा, पण जायचा नाही. ज्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं, त्या दिवशी त्यांनी पट्टा धरणं सोडलं. "कुत्र्याले वाटन मी भेली. खोटं कशाले सांगा त्यायले?" पुढं परतवाड्याहून जीपनं त्या धारणीकडे गेल्या, एका जुन्या दाईच्या शेजारी राहायला. अधूनमधून फोन येतो. साहेबाची चौकशी आधी, माझी नंतर.

पण जाण्याआधीचा त्यांचा शेवटचा विद्यार्थी कुत्रा नव्हता.

आम्ही घर सोडल्याला दीड वर्ष झालं असेल. एका सकाळी इंगळे काका दारात आले. थकलेले दिसत होते. परी आता कुठलंही कुत्रं दिसलं की थिजते, म्हणाले. कोपऱ्यावर गावठी कुत्री बसतात म्हणून शाळेच्या ऑटोपर्यंतही जात नाही. "तुह्या सिस्टर लेकराले घेतीन का?"

सिस्टरनी घेतलं. रीत तीच. साहेबाला घेऊन मी एका खांबापाशी बसायचे आणि दोनशे पावलांवर परी उभी राहायची. किती यायचं, ते परीनं ठरवायचं. ती थांबली की धडा संपला. सिस्टर हात मागं बांधून तिच्या बाजूनं चालायच्या, थरथर दिसू नये म्हणून. कधी परी वीस पावलं यायची, कधी तीन. एका रविवारी ती निघालीच नाही. सिस्टर म्हणाल्या, "चांगलं झालं, तुले समजलं," आणि तिला पेरू दिला.

अडीच-तीन महिन्यांत ती दहा पावलांवर आली. काका दर रविवारी तिला सोडायला यायचे, पण लेआउटच्या तोंडाशी स्कूटर लावून तिथंच उभे राहायचे. त्या दिवशी परी दहा पावलांवर थांबली. साहेब बसलेला, जीभ बाहेर. काका लांबून ओरडले, "जाय नं बेटा! काई करत नाई तो!"

सिस्टर गर्रकन वळल्या. "तू ये नं मंग इथं. जवळ येऊन सांग तिले."

काका स्कूटरपासून हलले नाहीत.

"ये म्हणलं नं!"

"मले नाई जमत, सिस्टर," काका म्हणाले. मोकळ्या माळावर आवाज आमच्यापर्यंत पोचला, पण एवढा बारीक की मला पहिल्यांदा वाटलं, दुसरंच कुणी बोललं. "अचलपूरले होतो लहानपणी, तवा पिसाळलेलं चावलं. पोटात चौदा इंजेक्शनं. चार माणसं धरून बसत. आजवर कोणाले सांगतलं नाई."

अंगणातली ती सकाळ मला आठवली. सायकल पुढं होती. काका तिच्या मागं होते.

परीनं एकदा साहेबाकडे पाहिलं. मग ती वळली आणि इतक्या आठवड्यांत कमावलेलं सगळं अंतर मागं चालत गेली. काकांचं बोट धरलं.

"आबा, स्कूटर सोडा. इथून सुरू करायचं. मी पण इथूनच केलं होतं. घाई नाही करायची."

तिकडून दोघं निघाले. परी पुढं, काका अर्धं पाऊल मागं. मी साहेबाला एक तुकडा दिला. तो बसून राहिला. सिस्टर ओठ हलवत पावलं मोजत होत्या. चाळिसाव्या पावलाला काका थांबले. परीही थांबली.

तिनं त्यांना ओढलं नाही.